काज-बटण राहिलेला कोट

शिंप्याने सांगितलेल्या तारखेला कपडा मिळाला, असं कोणी म्हणालं तर आपण त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतो. पण हे मास्तर वेगळे. मंगळवार म्हणाले की मंगळवार. गिऱ्हाइकाचं पाऊल दारात पडायला आणि मास्तरांची घडी घालून व्हायला एकच गाठ पडायची. चाळीस वर्षांत ‘उद्या या’ हे दोन शब्द त्या तोंडातून बाहेर पडले नव्हते. गल्लीने नावच पाडलं होतं, तारीखमास्तर. शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, “मास्तर, बाकीचे शिंपी माझ्याकडे येऊन रडतात. धंद्याची रीत मोडलीत म्हणे तुम्ही.” मास्तर तोंडात टाचण्या धरून हसायचे. टाचण्या न सांडता हसणं हेही एक कसबच.

लग्न केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणायचे, “हे एवढं माप घ्यायचं राहिलं.” दुकानाच्या वर एक खोली, तिथे ते आणि थोरली बहीण. मेहुणे लवकर गेले, तेव्हापासून ताई भावाकडेच. मशीन मास्तरांचं, काज-बटण ताईचं. मास्तरांना काज कधी जमलंच नाही. एकदा केलं होतं, त्यातून बटण काय, बशी गेली असती.

दुपारी जेवण झालं की मास्तर मशीनवर डोकं टेकून अर्धा तास डुलकी काढत आणि तेवढ्यात ढीगभर स्वप्नं बघत. ताई म्हणायची, “याच्या डोक्याला दारच नाही. कोणीही आत शिरतं.”

तसंच एका दुपारी एक गिऱ्हाईक शिरलं.

आरशासमोर उभं होतं. चेहरा कसा होता ते मास्तरांना सांगता आलं नाही, कारण त्यांची नजर आधी खांद्यांवर जायची. तिथे खांद्यांची जागा होती, खांदे नव्हते. “कोट शिवायचाय,” ते म्हणालं. सवयीने मास्तरांनी टेप काढली. जाग आली तेव्हा वहीत माप लिहिलेलं, अक्षर त्यांचंच. बाही, पस्तीस इंच. दुसऱ्या दुपारी छाती, तिसऱ्या दुपारी गळा. आठव्या दिवशी जागे झाले तर समोर काळं कापड बेतून ठेवलेलं, कात्री अजून हातात. मास्तरांना मौजच वाटली. झोपेतही हात सरळ चालतो, हे काय थोडं झालं? त्या भरात पुढच्या स्वप्नात बोलून गेले, “येत्या शुक्रवारी घेऊन जा.”

चुकले ते इथे. दुसऱ्या शिंप्याने दिलेली तारीख म्हणजे हवाच. यांची तशी नव्हती.

बाही शिवून खुंटीला लावली, तर ती लोंबेना. आत हात असल्यासारखी भरून राहिली. ताई शेजारचं रीळ काढायला गेली आणि किंचाळली. तिच्या मनगटावर बोटांचे निळे वळ. मास्तरांनी मोजले. सहा. त्या दिवसापासून इस्त्रीवाल्याचं कुत्रं, जे यांच्या उंबऱ्यावर लोळायचं, ते रस्त्यापलीकडे जाऊन बसलं.

दुपारी मास्तरांनी गिऱ्हाइकाला विचारलं, “कोट घालून जायचंय कुठे?”

“बाहेर. मला अंग नाही. तू शिवतोयस तेच अंग. आधी तुझी बहीण, मग ही गल्ली. पुढचं पुढे बघू.” बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं, तसं सांगितलं.

मास्तरांनी कोट उसवला, झोपेत हातांनी परत शिवला. शेगडीत घातला, तर शेगडीच विझली. झोपायचंच नाही असं ठरवलं, तर तिसऱ्या दिवशी एका लठ्ठ गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेता घेता त्याच्याच पोटावर डोकं टेकून घोरले.

गुरुवारी ताईला सगळं सांगितलं.

“मग नाही म्हण ना त्याला!”

“म्हणायला गेलो. म्हणतं, तू सोडलंस तर दुसरा शिंपी बघतो.”

“बघू दे की.”

“ताई, दुसराही कधीतरी झोपणारच ना.”

ताईने मनगट चोळत जरा विचार केला. “एकाने बेतलेल्या कापडाला दुसरा शिंपी हात लावतो?”

“छे! कोण लावील?”

“म्हणजे तू नाही म्हणत नाहीस, तोवर ते तुझ्याच दारात अडकलंय. राहिलंय काय कोटाचं?”

“काज-बटण.”

“ते तुला सात जन्मात यायचं नाही, झोपेत तर नाहीच. आणि मी करणार नाही. सांग त्याला, राहिलंय, उद्या या.”

मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या. “उद्या या? मी म्हणू?”

“सगळं जग म्हणतं! तुझ्या जिभेला काटे येणारेत का?”

शुक्रवारी मास्तर झोपले. ताई समोर स्टुलावर बसली. गिऱ्हाईक आरशासमोर हात पसरून उभंच होतं. चाळीस वर्षं एका बाजूला, ताईचं मनगट दुसऱ्या.

“काज-बटण राहिलंय,” ते म्हणाले. “उद्या या.”

“तू तारीख चुकवत नाहीस. म्हणून तर तुझ्याकडे आलो. सकाळीच इस्त्रीवाल्याची पँट वेळेवर दिलीस.”

मास्तर म्हणाले, “ती शेवटची. आता सगळ्यांचंच राहतं.”

जाग आल्यावर पहिलं काम हे केलं, तयार कपड्यांचा गठ्ठा टेबलाखाली सारला. झोपेतलं बोलणं जागेपणी खरं करायला हवं होतं. संध्याकाळी शाळेतल्या बाई ब्लाउज न्यायला आल्या. “राहिलाय,” मास्तर म्हणाले. बाई रागावल्या नाहीत. “मास्तर, तुम्हीसुद्धा?” त्या रात्री मास्तर जेवले नाहीत.

पुढे जमलं. मशीनचा पट्टा तुटला, त्या रंगाचा दोरा मिळेना, कारागीर गावाला गेला. कारागीर कधी नव्हताच. गल्लीने नाव बदललं, उद्यामास्तर. स्वप्नातलं गिऱ्हाईकही हळूहळू इतरांसारखंच झालं, बाकावर बसून विचारतं, “आज तरी?” आणि कुरकुरत जातं. कोट खुंटीला आहे. बाही आताशा लोंबते.

परवा इस्त्रीवाला शर्टासाठी पाचव्यांदा आला. शर्ट सोमवारपासून टेबलाखाली तयार होता.

“मास्तर, एकदा तरी खरं बोला. काय होते तुम्ही आणि काय झालात!”

मास्तरांनी खुंटीकडे पाहिलं, मग दाराकडे. उंबऱ्यावर त्याचं कुत्रं पाय पसरून लोळत होतं.

“उद्या या,” मास्तर म्हणाले.

“चल रे,” इस्त्रीवाला कुत्र्यावर खेकसला. कुत्रं काही हललं नाही.