तानुबाईचं पटवून सांगणं

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. तिवशाजवळच्या आमच्या गावात तानुबाई माळणीसारखं पटवून सांगणारं माणूस पुन्हा झालं नाही. बाजारात ती आधी सरळ म्हणणं मांडी, "वांगे घ्या." मग कारण सांगे, सकाळीच तोडलेत. मग एक वांगं मोडून दाखवी. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत तीच म्हणे, "महाग हायेत, पन कीड नाई." गिऱ्हाईक पिशवी पुढं करी. गावाला तिच्या बोलण्याचं भारी कौतुक होतं, आणि तेच पुढं तिच्या मुळावर आलं.

एका उन्हाळ्यात पटकी आली. शेजारच्या वस्तीत माणसं पटापट मरू लागली. तानुबाईनं तिवशाच्या दवाखान्यातून विहिरीत टाकायचं लाल औषध आणलं आणि पारापुढं उभी राहिली.

"हे इहिरीत टाका," ती म्हणाली. "रोग पान्यातून येते. शेंदूरजनाघाटले माह्या माहेरी टाकलं, तं तिथं कोनी मेलं नाई. पानी लाल होईन, तुमाले किळस येईन, तेबी कबूल. पन दोन रोजात साफ होते."

काय राहिलं होतं यात? म्हणणं होतं, कारण होतं, दाखला होता, समोरच्याची शंकासुद्धा तिनंच काढून तिनंच मिटवली होती.

खुशालराव पाटील हसले. "तानुबाई, तू तं सडकं वांगंबी खपवशीन!"

सगळा पार हसला. तिनं जन्मात सडकं वांगं विकलं नव्हतं. पण छान बोलणाऱ्याचं खरंही लोकांना विकाऊ वाटतं. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

त्यात तिचा नवराही हसला होता. घरी ती पुन्हा सांगू लागली, तर पुंजाराम म्हणाला, "घरात बाजार नको मांडू वं!" आणि तिच्यादेखत त्याच विहिरीचं तांब्याभर पाणी प्यायला. ती रडली, त्याच्या पाया पडली. त्याला तेही पटवणंच वाटलं.

आठवडा उलटायच्या आत पुंजाराम गेला. मग मात्र कुणाला काही विचारायचं राहिलं नाही. पाटलांनी स्वतःच्या हातानं विहिरीत औषध टाकलं. गाव वाचलं.

पाटील तिच्या दारात आले, मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुमचं खरं होतं."

"खोटं निघालं असतं तं बरं झालं असतं, पाटील," तानुबाई म्हणाली. "माहा मानूस तं असता."