वीस एकरांचा डोस

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगणारच म्हणा, कारण कुंडलमध्ये हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय आणि त्यांच्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

कुंडलला माझं खताचं आणि औषधाचं दुकान. औषध म्हणजे पिकाचं! तीस वर्षं झाली. पण गेल्या वर्षापासून मला झोपच येईना. जरा डोळा लागतोय तोवर कुणाचा तरी ऊस पिवळा पडतो आणि फोन वाजतो. फोन बंद ठेवला, तर तो का वाजत नाही म्हणून जाग येते.

अशात आमच्या पूजाला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगारात लेकरं बापाला शर्ट घेतात. हिनं मला महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टमध्ये तरंगायला नेलं. बंद टाकीत, अंधारात, मिठाच्या पाण्यावर तासभर पडून राहायचं. त्यानं म्हणे मन शांत होतं.

"आप्पा, एकच तास," पूजा म्हणाली. "कुणाला सल्ला द्यायचा न्हाई, कुणाशी भांडायचं न्हाई. एवढं माझ्यासाठी करा."

पोरीनं पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईतून काही दिलेलं. मी ठरवलं, काही झालं तरी तिचा हिरमोड होऊ द्यायचा नाही.

तिथं शीतल नावाची मुलगी होती. तिनं टाकी दाखवली. पाणी किती? फूटभर! आम्ही विहिरीच्या काठावरून मुटके मारलेली माणसं.

"ह्यात बुडायचं कसं?" मी विचारलं.

"बुडायचं न्हाई काका, तरंगायचं. पाचशे किलो मॅग्नेशियम सल्फेट हाय ह्यात. फक्त डोळ्याला हात लावू नका."

मॅग्नेशियम सल्फेट! आता माझी अडचण समजून घ्या. तुम्हाला ते मीठ वाटेल. माझ्या दुकानातून ते उसाला जातं, एकरी पंचवीस किलो. पाचशे किलो म्हणजे वीस एकरांचा डोस, आणि घेणारा मी एकटा!

पण मनाशी ठरवलं होतं. बर्म्युडा घालून आडवा झालो. झाकण लागलं. तरंगलो की हो खरंच! अंधार, शांतता. आणि त्या शांततेत मी एकच विचार करत पडलो, की वीस एकरांचं खत माणसाच्या कातडीतून नेमकं किती आत जात असेल. कपाळाला घाम फुटला. सवयीनं हातानं पुसला.

आई आई गं! डोळ्यांत नुसती आग!

फवारणी करताना विषबाधा झाली की आधी डोळे चुरचुरतात, हे मीच सगळ्या गावाला सांगत आलोय. झाकण उघडलं आणि तसाच ठिबकत बाहेर पळालो. बाहेर हॉलमध्ये सात-आठ पाहुणे डोळे मिटून ध्यानाला बसले होते.

"उठा! पळा!" मी ओरडलो. "खतात घालाय लागल्यात माणसं!"

एक बाई चपला सोडून पळाल्या. शीतल हातात फवाऱ्याची बाटली घेऊन धावत आली.

"आता वरनं फवारणी बी?" मी भिंतीला चिकटलो.

"आवं काका, साधं पाणी हाय! डोळं धुवा!"

धुतले. आग थांबली, तोंड थांबलं नाही. "पोत्याचं लेबल दाव मला! अंगाला लागलं तर काय व्हतं, ते लिवलंय का त्याच्यावर?"

शीतल शांतपणे म्हणाली, "काका, मी पलूसची. वडील तुमच्याच दुकानातनं हे न्यायचे. त्यांनी बी हेच इचारलं हुतं. तवा तुमीच म्हणला, 'काय व्हत न्हाई रं गड्या. पिकाला चालतंय ते माणसाला बी चालतंय. जा, निवांत झोप.'"

म्हणालो असेन. सगळ्यांनाच म्हणतो.

आरडाओरडा ऐकून आलेल्या पूजाकडे पाहिलं. ती हसत नव्हती, आणि तेच मला लागलं. लाज वाटली हो. मी मुकाट्यानं परत टाकीत जाऊन पडलो.

पुढचं मला आठवत नाही, पूजानं सांगितलेलं सांगतो. वेळ झाल्यावर शीतलनं झाकण उघडलं, तर मी घोरत होतो. वर्षभरात पहिल्यांदा! ते बघून पूजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

शीतल हळूच म्हणाली, "काका, संपलं."

मी डोळे न उघडता म्हणालो, "संपलं तर संपलं. युरिया सोमवारी येणार हाय. तंवर जा, निवांत झोप."