तोफ गोड बोलू लागली तेव्हा

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. कोणी विनाकारण हसून बोललं, की मी आधी घराची कडी तपासते. त्यामुळे समोरच्या बाईंच्या लेकीने परगावी जाताना जादा किल्ली माझ्याकडे दिली, ती योग्य हातात पडली असं मला वाटलं. "काकू, कामाला येणाऱ्या बाईवर जरा लक्ष ठेवा," ती म्हणाली. तिने सांगितलं नसतं तरी मी ठेवलंच असतं.

समोरच्या बाई म्हणजे टायपिंगच्या क्लासच्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी ओरडून ओरडून टाईप करायला शिकवलं. मग कंबरेचं हाड मोडलं आणि त्या पलंगाला खिळल्या. जीभ मात्र शाबूत राहिली. घरी आजाऱ्यांसाठी माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीने पाठवलेल्या आया त्या जिभेला भिऊन एकामागून एक पळाल्या. त्यानंतर जी आली ती तोफ.

हे नाव आमच्या जिन्याने ठेवलं. तिची सासू ठार बहिरी होती आणि अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करता करता हिचा आवाज जो चढला तो पुन्हा उतरलाच नाही. सासू गेली, नवरा त्याआधीच कुठेसा निघून गेलेला. हिच्या हाती उरला तो आवाज, आणि आजारी माणसाला न दुखवता कुशीवर वळवायची हातोटी. एवढ्या भांडवलावर ती कामाला लागली.

पहिल्याच दिवशी मी समोरच्या दाराला कान लावून उभी होते.

"आजी, तोंड उघडा! का चमचा हवेत टांगून ठेवू?"

"मेले, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

"गिळा मुकाट्याने! विसळायलासुद्धा भांडं रिकामं व्हावं लागतं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी किल्ली लावून आत घुसले. बाईंचे गाल सुपाने फुगले होते, डोळे चमकत होते, आणि पुढचं काय बोलावं हे त्या शोधत होत्या. वाटी जवळजवळ रिकामी झाली होती. तोफ मऊ फडक्याने, अगदी हलक्या हाताने त्यांची हनुवटी पुसत होती. मी कपाटांची कुलपं ओढून पाहिली आणि घरी आले.

मग कंपनीला नवीन खूळ सुचलं. एक साहेब येऊन औषधांच्या फळीवर पांढरी गोल डबी बसवून गेला. "ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, मॅडम. दिवसभर ऐकते, कोण कसं बोललं ते समजून घेते आणि स्वतःच अहवाल लिहून लेकीच्या फोनवर पाठवते. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल."

"आणि हिला कोण तपासतं?" मी विचारलं. तो हसला. विनाकारण.

पहिल्याच अहवालाला लाल दिवा लागला. 'गिळा', 'मेले', चढलेला आवाज: डबीच्या मते हा छळ होता. साहेबाने तोफेला बजावलं, आणखी एक लाल आला की काम गेलं. लेकीचा मला फोन आला. "काकू, ती आईवर ओरडते म्हणे!"

"ओरडते. तुझी आईही ओरडते."

"पण काकू, मशीन उगाच कशाला सांगेल?"

दुसऱ्या दिवशी तोफेने तोंडात साखर धरली. "आजी, थोडंसं घेता ना? छान झालंय हं." इतका मऊ आवाज तिच्या गळ्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि तो मला मुळीच आवडला नाही.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांगा."

"काही म्हणाले नाहीत हो."

"मग ही अशी का बोलतेय? हे गेले त्या आठवड्यात मीही अशीच बोलत होते."

ते मला आठवत होतं. जन्मभर नवऱ्याला सांडलेल्या चहावरून फैलावर घेणाऱ्या बाई त्या शेवटच्या आठवड्यात 'अहो, घ्या ना एवढंसं' म्हणत होत्या, आणि जिन्यातले सगळे पाय न वाजवता चढत होते.

मी डबीचं सगळं सांगून पाहिलं. "ही त्या डबड्याला भिणार?" बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे मिळून मला फसवताय." आणि त्या दिवसापासून त्याही गोड बोलू लागल्या. "नको गं बाळा, पोट भरलं माझं. किती करतेस गं." सूप मोरीत जाई आणि अहवालात हिरवा दिवा लागे: संवाद प्रेमळ, जेवण समाधानाने. बाईंच्या बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापर्यंत जाऊ लागल्या. तोफ जिन्यात बसून रडायची. "काकू, ओरडले तर काम जाईल, नाही ओरडले तर आजी जाईल."

मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, अहवाल तर उत्तम आहेत. "मग अहवालालाच भेटायला ये," मी म्हटलं आणि फोन आपटला.

ती आली, न कळवता. तोफ काहीतरी लपवतेय असा तिचा समज झाला होता. तिला दारात पाहून बाई हसल्या. "आलीस का गं माझ्या सोन्या? दमली असशील. बस हं माझ्याजवळ."

लेकीच्या हातातली बॅग खाली पडली. हा सूर तिने वडिलांच्या उशाशी ऐकला होता. "आई, असं नको ना बोलूस," ती म्हणाली आणि तोफेकडे वळली. "ही कधीपासून जेवली नाहीये? तुम्ही आधी जसं बोलत होता तसं बोला. आत्ता!"

तोफेने डबीकडे पाहिलं, बाहीने नाक पुसलं आणि कंबरेवर हात ठेवले. "आजी! लेक आल्यावर नाटकं होय? उघडा तोंड!"

बाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. "म्हणजे मी मरत नाहीये?"

"एवढ्यात कुठल्या मरताय! मग माझं डोकं कोण खाणार?"

"सूप गार आहे, भवाने."

"तुमची जीभ गरम आहे ना, तेवढी पुरे!"

डबीचा दिवा लाल झाला. लगेच लेकीचा फोन वाजला, साहेबाचाच असणार. तिने आधी डबीची वायर उपटली आणि मग त्याला जे ऐकवलं त्यात आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. बाई चमचा तोंडात धरून कौतुकाने ऐकत राहिल्या.

डबी खोक्यात घालून परत गेली. कंपनीने तोफेला काढलं आणि लेकीने तिला स्वतःच ठेवून घेतलं. मी अधूनमधून कुलपं ओढून पाहायचे, ते सवयीने. रोज सकाळी समोर भांडण सुरू झालं, की मी चहा टाकायचे. कित्येक महिने माझं घड्याळ तेच होतं.

एका सकाळी चहा उतू जायला आला तरी समोर शांतता होती. मी दार उघडून कान दिला.

"राहू दे हं, आजी," तोफ म्हणत होती, अगदी हळू. "नको असेल तर नको. मी आहे इथे, हात धरून बसलेय."

डबी तर केव्हाच परत गेली होती. मी गॅस बंद केला, लेकीला फोन लावला आणि चपला न घालताच समोर गेले.