त्या तापात राजा गेला होता

मी इतिहासाची शिक्षिका. पुरावा नसेल तर मानायचं नाही, हेच मुलांना शिकवत आले. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण डोक्यातून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही बर दुबईत, मीना बझारच्या मागच्या गल्लीत राहायचो. नवरा श्रीकांत, एसीच्या कंपनीत इंजिनिअर. उन्हाळ्यात त्याला टायफॉइड झाला. ताप उतरेना, म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवलं.

एका दुपारी त्याचा श्वास थांबल्यासारखा वाटला. नर्स धावत आली, नाडी पाहिली. "सॉरी मॅडम," म्हणत चादर तोंडावर ओढायला लागली. मी तिचा हात धरला. "रुको... अभी है." का म्हणाले, माहीत नाही. मला तसं काहीच दिसलं नव्हतं. डॉक्टर आले, धावपळ झाली – आणि श्रीकांतने श्वास घेतला.

तो बरा होऊन घरी आला. एका शुक्रवारी जेवताना म्हणाला, "फ्रान्सचा तो लुई राजा तरुणपणीच तापाने गेला ना?"

मला हसू आलं. हा शाळेत इतिहासात काठावर पास झालेला माणूस. "कुठला लुई? ढीगभर होते."

"ज्याचा मुलगा तान्हा होता. राजाची आई खमकी."

"तो नववा. अरे, तो बरा झाला. उठल्यावर धर्मयुद्धाची शपथ घेतली, इजिप्तवर चालून गेला."

"नाही. त्या तापातच गेला." शेजारच्या माणसाबद्दल बोलावं तसं. "तान्ह्या पोराला गादीवर बसवलं, आजीने कारभार केला. इजिप्तला कोणी गेलंच नाही. जहाजांसाठी बंदर बांधत होते, ते अर्धवटच राहिलं."

"कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. एक बाई चादर ओढत होती. तिला कोणी अडवलं नाही."

आमची मेघना ताटावरून उठली. "आई, ही इज स्केअरिंग मी."

हॉस्पिटलमधलं ते चादरीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

शाळेच्या लायब्ररीत एका जाड पुस्तकात सापडलं. राजाच्या उशाशी शुश्रूषा करणाऱ्या दोन बायका होत्या. एक, तो गेला समजून, चादर ओढू लागली. दुसरीने अडवलं – अजून प्राण आहे. हे मलाही ठाऊक नव्हतं.

नर्सचा हात मी धरला होता, हे श्रीकांतला सांगितलं आणि पुस्तक पुढे केलं. त्याने ते पान दोनदा वाचलं. त्याला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "मग मी पाहिलं ते काय?"

त्यानंतर तो घरात टिकेना. सुट्टीच्या दिवशी अब्राने खाडीपलीकडे जायचा, न उतरता त्याच होडीने परत. पुढे अबू धाबीत नोकरी बदलली, तब्येत उत्तम आहे. तापात नर्सचं नि माझं बोलणं त्याच्या कानावर पडलं असेल, असं मी स्वतःला समजावते. त्याने चादरीचा उलगडा होतो, राजाचा नाही.

मध्यंतरी गाडी चालवताना त्याने विचारलं, "तू तिचा हात धरलास, नक्की?"

"नक्की."

"दोन्हीकडे? राजा गेला, तिकडेही?"

मी गिअरवरचा त्याचा हात घट्ट धरला.