आधी मीठ, मग चव

आमच्या भावोजींना कारखान्यात 'मोजपट्टी' म्हणत. काम तपासनिसाचं. तयार झालेला बोल्ट हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि केसभर फरक दिसला की बाद. तपासल्याशिवाय सख्ख्या भावाचा मालसुद्धा पुढे सोडणार नाही, असं ते स्वतःच दर दोन जेवणांआड ऐकवत. आणि हाच माणूस ताट समोर येताक्षणी मीठदाणी उचलायचा! चव नाही, वास नाही. ठरलेले तीन झटके, मग पहिला घास.

मी त्यांची मेहुणी, त्यामुळे बोलायचा परवाना माझ्याकडे जन्मभराचा. ताईच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हाच मी म्हटलं होतं, "भावोजी, आधी चाखून तरी बघा."

"चाखायचं काय त्यात? मीठ कमीच असतं. अनुभव आहे."

हा अनुभव ताईनेच घडवला होता. नव्या संसारात रोज जेवण खारट व्हायचं, रोज ताट सरकवलं जायचं. नवऱ्याचा हात धरणं शक्य नाही म्हटल्यावर तिने स्वतःचा आवरला. मीठ घालायच्या आधी त्यांच्यापुरतं अळणी वेगळ्या भांड्यात काढायला लागली. तीन झटके पडले की सगळं बेताचं. "आता कुठे चव आली," असं भावोजी म्हणायचे आणि आम्ही खाली मान घालून हसू दाबायचो. मला रागही यायचा. ते जास्तीचं भांडं दोन्ही वेळा घासायचं कुणी? ताईनेच. "जाऊ दे गं, भांडणापेक्षा भांडं बरं," ती म्हणायची.

हॉटेलात मात्र भावोजींसाठी अळणी कोण काढून ठेवणार? तिथे झटके मारायचे, तोंड वाकडं करायचं आणि वेटरला बोलावून स्वयंपाक्याची अक्कल काढायची. इतक्या वर्षांत दहा-बारा स्वयंपाकी नापास केले असतील, पण एकदाही स्वतःच्या हाताचा संशय आला नाही. समोरच्याने तोंड उघडायच्या आत 'खोटं बोलतोस' म्हणावं, तसला हा प्रकार. त्यात 'हॉटेलात कसं वागावं' यावर आम्हालाच व्याख्यान.

माझी भाची, म्हणजे ताईची लेक, एका हॉटेलात मदतनीस म्हणून लागली होती. तीन महिने भाज्या चिरून झाल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "रविवारचं दुपारचं जेवण तू एकटीने कर. एकही ताट तक्रारीने परत आलं नाही, तर एक तारखेपासून स्वयंपाकघर तुझं." पोरीने हौसेने आम्हाला बोलावलं. वाटेत ताईने नवऱ्याला दोनदा सांगितलं, "आज तेवढं आधी चाखा."

"मला शिकवतेस?" भावोजी म्हणाले.

सूप आलं. मी पाण्याचा पेला उचलला तेवढ्यात तीन झटके पडलेसुद्धा. एक चमचा तोंडात गेला आणि मोजपट्टीचा आवाज चारही टेबलांवर पोचला, "अरे, हे काय? मिठाचा खडा टाकलाय का यात?"

मालकीणबाई गल्ल्यावरून उठून आल्या. त्यांनी वाटीतलं चमचाभर चाखलं आणि त्यांचा चेहरा पडला. स्वयंपाकघराच्या दारात भाची उभी होती. हात ओले, डोळे वाटीवर.

"साहेब, तुम्ही वरून काही घातलंत का?" बाईंनी विचारलं.

"मी? न चाखता?" भावोजींनी सरळ कानांवर हात ठेवले. "मी तपासणीतला माणूस आहे, बाई."

पोरीचा तीन महिन्यांचा घाम या माणसाच्या एका 'हो' वर अडला होता, आणि ते मिठाची गुळणी धरून बसले! मला इतका संताप आला की मीठदाणी त्यांच्याच डोक्यावर उपडी करावीशी वाटली. पण माझ्याआधी ताई बोलली. नवऱ्याला चारचौघांत खोडून काढायची तिची पहिलीच वेळ.

"घातलं त्यांनी. तीनदा. मी बघितलं."

बाईंनी नवी वाटी मागवली, आधी स्वतः चाखली, मग भावोजींपुढे ठेवली आणि मीठदाणी उचलून हातात धरली. भावोजींनी नाइलाजाने चमचा तोंडात घातला. मग दुसरा. मग वाटी तिरकी करून तळापर्यंत गेले.

"एक तारखेला सकाळी आठला ये," बाई दाराकडे बघून म्हणाल्या. भाची तिथेच खाली बसली आणि ओल्या हातांनी तिने तोंड झाकून घेतलं.

झाल्या प्रकाराची लाज वाटायला हवी होती, पण मोजपट्टी वाकेल तर ना! रुमालाने ओठ टिपत त्यांनी ताईकडे बघितलं. "बरोब्बर मीठ. शीक जरा लेकीकडून. तीस वर्षांत तुला एकदा जमलं नाही."

ताईने आवाज चढवला नाही. "मला जमतं. आम्ही सगळे रोज तेच जेवतो. तुमच्यापुरतं अळणी मी वेगळं काढते, तुम्ही न चाखता घालता म्हणून. माझ्या हातचं जेवण तुम्ही अजून खाल्लेलंच नाही."

मी हसायला तोंड उघडलं होतं. ताईकडे बघितलं आणि मिटलं.