अस्तराआडची चिठ्ठी

सकाळपासून वारा पडला होता. आभाळ न घासलेल्या पातेल्यासारखं काळपट झालं होतं आणि हवा अशी दमट, की बॅगांच्या चेनला लावलेलं मेण बोटालाच चिकटून परत येत होतं. नकाशानं शटर अर्धं वर केलं, पंखा चालू केला आणि पहिली बॅग मांडीवर घेतली. रनर तुटला होता. पक्कडीनं जुना काढला, नवा घातला, दोन वेळा मागेपुढे फिरवला. झालं.

त्याचं खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. गल्लीत सगळे त्याला नकाशाच म्हणत. माणूस स्वतः बसनं तीन तासांच्या पलीकडे कधी गेला नव्हता. हौसेनं एकदा पासपोर्ट काढला, तोही एक शिक्का न बसता मुदत संपून पेटीत पडला. पण जग त्याला तोंडपाठ. रद्दीतून प्रवासाची मासिकं आणायची, जेवताना वाचायची आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची.

"बल्गेरियाला चाललात? मग मान जपून हलवा," तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता. "तिथे नाही म्हणायला मान वरखाली करतात आणि हो म्हणायला आडवी."

"माझी बायको तिथलीच असणार," गिऱ्हाईक म्हणालं.

समोरच्या दुकानातून शिंपी हसला. मशीनवरचा पाय न थांबवता म्हणाला, "त्याला घानाचं विचारा. तिथे माणूस मेला की मासोळीच्या आकाराच्या पेटीत पुरतात म्हणे. शिंपी मेला तर मशीनच्या आकाराची करत असतील."

"करतात," नकाशा गंभीरपणे म्हणाला. "तुझं माप घेऊन ठेवू का?"

असं चालायचं. फक्त हल्ली नकाशाच्या गोष्टींत मेलेली माणसं जास्त येऊ लागली होती, हे शिंप्यानं एकदा बोलूनही दाखवलं होतं. कुठे आईबाप गेल्यावरही महिनोन् महिने घरातच ठेवून त्यांना ताट वाढतात, कुठे हाडं बाहेर काढून नवं कापड गुंडाळतात. "मासिकंच तशी येतायत," नकाशा म्हणाला होता. खरं कारण वेगळं होतं. त्याची धाकटी लेक परवा पहाटे जाणार होती. बेटावरच्या एका हॉटेलात काम. हे ठरल्यापासून त्याला धड झोप नव्हती.

जायचं खूळ त्यानंच तिच्या डोक्यात भरलं होतं. तिच्याच नाही, शिंप्याच्या पोरीच्याही. दोघी लहानपणी याच दुकानात बॅगांच्या ढिगावर बसून जग ऐकायच्या. शिंप्याची पोरगी चौदा महिन्यांपूर्वी त्याच हॉटेलात गेली. महिन्यातून एकदा फोन करायची. "बरी आहे, कामात आहे," एवढंच बोलायची. नेणारा एजंट एकच होता. पांढराशुभ्र शर्ट, गोड बोलणं, आणि सगळ्यांना काका-मावशी.

अकराच्या सुमाराला एजंट गाडीतून सहा बॅगा घेऊन आला. "काका, चाकं आणि हँडलं. संध्याकाळी नेतो."

"जुन्या दिसतायत."

"पोरी तिथे नव्या घेतात, जुन्या टाकून देतात. माणसं येताना घेऊन येतात. वाया कशाला घालवायच्या? पुढच्यांना देतो." जाताना मागे वळून म्हणाला, "धाकटीची तयारी झाली ना?"

चौथ्या बॅगेपाशी नकाशाचा हात थांबला. तळाच्या कोपऱ्यात छत्रीच्या हिरव्या कापडाचं ठिगळ होतं. असं ठिगळ दुसरा कोणी लावत नाही, कारण छत्रीचं कापड सुईखाली सरकतं. नकाशा लावायचा. हिरवं त्यानं एकदाच लावलं होतं, शिंप्याच्या पोरीच्या बॅगेला.

अस्तर बदललं की ते बंद करण्याआधी तो आत एक चिठ्ठी सरकवायचा. गिऱ्हाईक जिथे जाणार त्या देशातली एक गंमत त्यावर लिहिलेली असे. गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. कधीतरी अस्तर फाटेल, चिठ्ठी सापडेल, माणूस परदेशात एकटा हसेल. ही सवय फक्त त्या दोघी पोरींना ठाऊक होती.

या बॅगेचं अस्तर उसवून पुन्हा शिवलेलं होतं. टाके आडवेतिडवे, काळ्या दोऱ्याचे. नकाशानं टोच्यानं दोन टाके उचलले आणि बोट आत घातलं. चिठ्ठी त्याचीच होती. 'त्या बेटावर दिवसा दाराला कडी लावणं अपमानाचं समजतात,' असं त्यानं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षर पोरीचं.

'काका, इथे दार बाहेरून बंद असतं. फोनवर बोलताना समोर माणूस बसतो. बॅगा दुरुस्तीला तुमच्याकडे येतात असं कळलं म्हणून लिहिते. बाबांना सांगा. धाकटीला येऊ देऊ नका.'

समोर शिंपी गुणगुणत काज करत होता. नकाशानं चिठ्ठी खिशात घातली आणि हाताला लागलेली सवय म्हणून, डोकं ठिकाणावर नसताना, काळा दोरा काढून अस्तर परत पांढऱ्यानं शिवून टाकलं. बारीक, सरळ, एकसारखे टाके. मग रस्ता ओलांडला.

शिंप्यानं चिठ्ठी दोनदा वाचली. मशीनवरचा पाय थांबला. "हे अक्षर तिचंच," तो म्हणाला, आणि मापाची पट्टी गळ्यात तशीच ठेवून पोलीस चौकीकडे निघाला. चिठ्ठी त्यानं मुठीत इतकी घट्ट धरली होती, की नकाशाला वाटलं, फाटेल.

दुपारी घरी धाकटी कपड्यांच्या घड्या करत होती. त्यानं सांगितलं.

"बाबा, तुम्हाला मी जायला नकोय म्हणून सांगताय," ती म्हणाली. "आयुष्यभर तुम्हीच सांगितलंत, जग बघ. आता पाय ओढताय."

"तिचं अक्षर होतं, बाळा."

"दाखवा मग."

"शिंप्याकडे आहे. चल, चौकीत जाऊ. तुझ्या डोळ्यांनी वाच."

तिनं घडी केलेला कुडता उगाच पुन्हा उलगडला. "माझा पासपोर्ट त्यांच्याकडे आहे," ती हळू म्हणाली. "मागच्या आठवड्यातच दिला."

चौकीत तिनं चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली. हवालदारानं चिठ्ठी ठेवून घेतली, तक्रार लिहिली आणि म्हणाला, साहेब उद्या येतील. शिंपी तिथेच बाकावर बसून राहिला. उठेना.

पाचला एजंट आला. सहाही बॅगा उघडून बघितल्या. हिरव्या ठिगळाच्या बॅगेत हात घातला आणि अस्तरावरून अंगठा फिरवत राहिला.

"काका, मी चाकं सांगितली होती."

"उसवलं होतं. शिवलं."

"काळा दोरा होता. आता पांढरा आहे." त्यानं आवाज चढवला नाही. "कुणाची तरी चांगली कला असते, आणि तीच नडते." समोरच्या बंद दुकानाकडे बघितलं. "शिंपी कुठे गेला?"

मागे आतल्या बाजूला स्टुलावर धाकटी बसली होती. एजंट तिच्याकडे बघून हसला. "परवा पहाटे चारला गाडी येईल, ताई."

"मी येणार नाही," ती म्हणाली. "पासपोर्ट परत द्या."

"बघू. त्यावर घराचा पत्ता आहेच." त्यानं पाच बॅगा गाडीत टाकल्या. उरलेल्या, हिरव्या ठिगळाच्या बॅगेवर नकाशानं हात ठेवला होता आणि तो उचलत नव्हता. एजंटानं क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, खांदे उडवले आणि निघून गेला. गाडी वळणापाशी थोडा वेळ थांबली. मग तीही गेली.

"पाच बॅगा गेल्या," धाकटी म्हणाली. "पाच जणी."

"गाडीचा नंबर लिहून घेतलास?"

"घेतला."

"मग तो आधी चौकीत देऊन ये. सरळ रस्त्यानं जा. शिंपी तिथेच आहे, त्याच्याबरोबर परत ये. एकटी येऊ नकोस."

ती गेली. वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत नकाशा दारात उभा राहिला. सहाला एका मास्तरणीची बॅग द्यायची होती, चाक बसवायचं बाकी होतं. तो खाली बसला, बॅग उलटी केली आणि गंजलेल्या स्क्रूवर तेलाचा थेंब सोडून तो सुटायची वाट बघत राहिला.