नव्वद नंबर

१७ ऑक्टोबर १९८२, रविवार. घट बसायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी झाशीत ओरछा गेटच्या आत आमच्या मंडळाची सभा झाली. जमा वर्गणी सहाशे पंच्याऐंशी रुपये. हजर सातजण: अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार म्हणून मी आणि चार सभासद. विषय एकच होता, माझ्या भाऊजींचा सत्कार.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका लहानशा स्टेशनवर असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लागले आणि झाशीच्या कंट्रोलमध्ये सेक्शन कंट्रोलर झाले. कंट्रोलरचं काम एका खोलीत बसून चालतं. कानाला फोन, समोर मोठा कागद, हातात पेन्सिल. कुठली गाडी कुठे थांबवायची, कुठली पुढे काढायची, हे तो वीस स्टेशनांना सांगतो. भाऊजींचा आवाज फोनवर आला की घाबरलेला मास्तरही शांत होतो, असं रेल्वेतले लोक सांगत. तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक चूक नव्हती. त्या वर्षी त्यांना अधिकारीपदाची बढती मिळाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भोपाळला हजर व्हायचं होतं. आमची घरं दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आली, पण अलीकडे आमच्यातला कुणी बाबूच्या वर गेला नव्हता. तेव्हा कोजागिरीला सगळ्यांना मसाला दूध, भाऊजींना शाल आणि श्रीफळ, असं ठरलं. माणिक चौकातल्या हलवायाला शंभर रुपये आगाऊ द्यायचे ठरले.

सभा संपताना अध्यक्षांनी दाराला कडी घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दार बंद! नंबर घ्या, छप्पन!"

सगळे हसले. मीही हसलो. हा विनोद आमच्या सगळ्या घरांत चालत असे. रेल्वेचं फाटक बंद केलं की फाटकवाला स्टेशन मास्तरला फोनवर दोन आकडी नंबर देतो. हा नंबर म्हणजे त्याची जबान. नंबर मिळाल्याशिवाय मास्तर सिग्नल देत नाही, आणि एकदा दिलेला नंबर त्याच दिवशी दुसऱ्यांदा चालत नाही. भाऊजींनी ही रीत घरात आणली होती. निघताना विचारायचे, "गॅस बंद?" ताई आतून म्हणायची, "बंद. त्रेचाळीस." मग ते स्कूटरला किक मारायचे. आम्हाला त्याचं कौतुक होतं. माणूस कामात किती मुरलाय बघा, म्हणायचो. सत्काराच्या भाषणात हा किस्सा सांगायचा म्हणून मी तो लिहूनही काढला होता.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला ताईकडे गेलो. आमच्या मंडळींत एकाच्या परसात आपट्याचं झाड आहे, तिथून सगळ्यांना पानं जातात. भाऊजींकडे बरीच गर्दी होती. ते कडक इस्त्रीच्या सदऱ्यात उभे राहून प्रत्येकाशी बोलत होते. कुणाला बर्थ हवी होती, कुणाच्या पुतण्याची बदली अडली होती.

"साहेब, आता भोपाळला गेल्यावर आम्हाला ओळखणार ना?" चिटणीस म्हणाले.

"तुमचं वजन बघून कोण विसरेल?" भाऊजी म्हणाले, आणि खोलीभर हशा पिकला.

मंडळी गेल्यावर मी वाट्या उचलून स्वयंपाकघरात नेल्या. ताई शेगडीजवळ पाटावर बसली होती. बाहेरून आवाज आला, "गॅस बंद?"

ताईने शेगडीकडे पाहिलं.

"गॅस बंद का?"

"बंद," ती म्हणाली. मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, "सत्तावीस."

"सकाळी दिलास तो," बाहेरून उत्तर आलं. आवाज अगदी शांत होता.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "दोन आकडी नंबर किती असतात रे?"

"दहा ते नव्याण्णव. नव्वद."

"आज हे दिवसभर घरी होते," ती म्हणाली. "माझे नंबर दिवे लागायच्या आधीच संपले."

मला हिशेबाला कागद लागत नाही. सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत बारा तास. म्हणजे दर आठ मिनिटांना एक. गॅस, कडी, नळ, मागचं दार, पुन्हा गॅस. आणि मध्ये पाहुणे, सोनं, हशा, चहा. ताईने हे सगळं कसं जमवलं असेल, ते मला अजूनही कळलेलं नाही.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. आधी दिवसाला पाच-सहा व्हायचे. बढतीचं पत्र आल्यापासून असं आहे. परवा इलाइट चौराह्यापर्यंत जाऊन तीनदा परत आले. तुझी भाची मला म्हणाली, 'आई, बाबा फिर लौट आए.' मी तिला म्हटलं, डबा विसरलेत."

"मला सांगायचंस."

"तुम्ही सगळे हसत होता की."

मी बाहेर गेलो. भाऊजी खुर्चीत बसले होते, हात मांड्यांवर सरळ ठेवून, कुणी फोटो काढत असल्यासारखे. मी आडवळणाने बोलत नाही. विचारलं, "झोप लागते का?"

"लागते. लागली की कुणीतरी विचारतं, फाटक बंद आहे ना?"

"कोण?"

"मीच. आणखी कोण असणार!" ते थोडे हसले. "तू हिशेबी माणूस आहेस, तुला सांगतो. एकदा अपघात झाला असता तर चौकशी झाली असती, शिक्षा झाली असती, आणि संपलं असतं. माझं काहीच झालं नाही. त्यामुळे ते संपत नाही."

"बढती नाकारता येते?"

"लिहून द्यावं लागतं. नाव मागे पडतं." त्यांनी हातातली आपट्याची पानं नीट एकावर एक लावली. "सहाशे पंच्याऐंशी रुपये जमवलेत म्हणे तुम्ही. आता मी काय सांगू लोकांना? मुलीचं बघतोय आम्ही, ठाऊक आहे ना तुला?"

म्हणजे गोष्ट एवढीच होती. ते थांबू शकतात की नाही, आणि आम्ही त्यांना थांबू देणार की नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांकडे गेलो. ते निवृत्त हेडमास्तर, शाळेतच असल्यासारखे बोलायचे. मी म्हटलं, सत्कार रद्द करू या, भाऊजींना नको आहे.

"हाच त्यांचा मोठेपणा! नको म्हणणाऱ्याचाच सत्कार करायचा असतो."

"मोठेपणा नाही, अण्णा. ते आजारी आहेत."

"काय होतंय?"

"भीती वाटते. झोप नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलीचं बघताहेत ना? मग हे बाहेर नको. पोटाचं सांगू. अल्सर म्हणू. अल्सर चांगल्या माणसांना होतो."

हे ते भल्यासाठीच म्हणाले. मीही त्याच मताचा होतो. पण संध्याकाळी भाऊजींना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले.

"अल्सर नाही. तीस वर्षांत मी खोटा रिपोर्ट दिलेला नाही. आता देणार नाही."

"मग काय सांगू?"

"प्रकृती बरी नाही, एवढं सांग. कुणी विचारलं तर मी सांगेन काय ते."

बढती नको असल्याचं पत्र त्यांनी त्याच आठवड्यात दिलं आणि रजा टाकली. रेल्वेच्या दवाखान्यात पुढे जायचंच होतं, पण पहिल्यांदा जिथे ओळखीचं कुणी नसेल तिथे जाऊ, असं ताईचं मत पडलं. मी माहिती काढली. ग्वाल्हेरला मनाच्या आजारांचे एक डॉक्टर होते.

कोजागिरी झाल्यावर दोन दिवसांनी आम्ही तिघं सकाळच्या पॅसेंजरने निघालो. घराला कुलूप लावून ताईने नंबर दिला. स्टेशनवर शिरताना दुसरा दिला. गाडी सुटल्यावर भाऊजी खिडकीशी बसले आणि येणाऱ्या प्रत्येक फाटकाकडे वाकून पाहू लागले. दतिया आलं तसे ते उभे राहिले आणि त्यांनी पिशवी उचलली.

"मी उतरतो. झाशीची गाडी मिळेल समोरून."

"कशाला?" मी विचारलं.

"गॅस."

"बंद आहे," ताई म्हणाली.

"नंबर?"

ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नंबर नाही. बंद आहे एवढं सांगते."

ते दारापर्यंत गेले. मी मागे गेलो. गाडी थांबली. त्यांनी एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. त्यांचा हात दाराच्या दांड्यावर होता. मी तो हात धरला नाही. धरला असता तर ते उतरलेच असते, असं मला वाटलं. तेवढ्यात तिथल्या मास्तरांनी त्यांना ओळखलं आणि ते लगबगीने आले.

"नमस्ते साहब! बधाई हो, बधाई! मिठाई कब खिला रहे हैं?"

भाऊजींचा चेहरा क्षणात बदलला. तोच दसऱ्याचा चेहरा. हसू आलं, मान ताठ झाली. मी मनात म्हटलं, आता हे खाली उतरून दोन गोष्टी करतील, हसतील, आणि परतीची गाडी धरतील.

"मिठाई नहीं भैया," भाऊजी म्हणाले. "प्रमोशन लिया नहीं. तबीयत ठीक नहीं है. ग्वालियर जा रहा हूँ, डॉक्टर के पास."

"आप? आपको क्या हुआ साहब?"

"डर लगता है."

मास्तरांच्या हातात हिरवी झेंडी गुंडाळलेली होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "हमको भी लगता है, साहब. किसी से कहा नहीं." आणि मागे सरून त्यांनी झेंडी दाखवली.

गाडी हलली. भाऊजींनी पाय वर घेतला. जागेवर येऊन बसले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ताईने पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मांडीवर ठेवली. ग्वाल्हेरपर्यंत मधल्या फाटकांकडे ते पाहत होते, पण उठले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्यांना दिवसपाळीचं साधं टेबल मिळालं. ज्यांचं नाव त्यांच्या खाली होतं ते भोपाळला गेले, साहेब झाले. भाचीचं लग्न एका वर्षाने ठरलं. मुलाकडच्यांनी विचारलं तेव्हा भाऊजींनी खरं ते सांगितलं. एका घराने नकार दिला, दुसऱ्याने दिला नाही. नंबर कधी पूर्ण बंद झाले नाहीत. निवृत्तीच्या वर्षी ताई म्हणाली, आता दिवसाला चार-पाच, तेही सकाळी. आमच्या मंडळात हा विनोद मात्र पुन्हा कुणी केला नाही. आता मीही पन्नाशी ओलांडली आहे. कामावर माझंही नाव बरं आहे. घरातून निघताना कडीला दुसऱ्यांदा हात गेला की मी तिथेच थांबतो आणि बायकोला तसं सांगतो.

राहिला हिशेब. कोजागिरीचं दूध सत्काराशिवाय झालं, लोक आले, प्याले. हलवाई म्हणाला, "भैया जी, दूध तो आ चुका है, साहब आएँ न आएँ." त्याला आगाऊचे धरून दोनशे साठ रुपये दिले. शाल दुकानदाराने परत घेतली. उरलेले चारशे पंचवीस वर्गणीदारांना ज्याचे त्याला परत केले. अध्यक्षांनी आपले घेतले नाहीत, म्हणून ते मंडळात जमा धरले.

ग्वाल्हेरला डॉक्टरांची फी चाळीस रुपये झाली. मी पाकीट काढलं. ताई म्हणाली, "ठेव ते. हे माझं आहे." तिने पदराची गाठ सोडली आणि चाळीस रुपये डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.